दळण, पाणी, सरपण : विसाव्या शतकाच्या आरंभीची खेड्यातली गृहिणी



ज्या बाईंच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते त्यांच्या हाताखाली मी मराठी शिकले. त्यांचा एक नेम होता. ‘माझी आई’ या विषयावरील निबंधात ‘माझी आई फार प्रेमळ आहे’ असे पहिले वाक्य आले की त्या वही मिटून परत देत आणि म्हणत, “प्रेमळ आहे हे ठाऊक आहे. सकाळपासून ती काय काय करते ते लिहून आण.” आजचा माझा विषय म्हणजे त्यांनी दिलेला तोच निबंध आहे, असे समजावे. फक्त आईच्या ठिकाणी आजीची पिढी घेतली आहे.

विषयाला काळाची आणि स्थळाची चौकट घालून घेते. मुलूख आपलाच, म्हणजे बेळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग. बेळगाव आणि खानापूर हे तालुके, आणि १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात असलेला चंदगडचा पट्टा. काळ साधारण १९०० ते १९२५. हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पश्चिमेकडे घाटमाथ्याचा धुवांधार पाऊस, भात आणि नाचणी; पूर्वेकडे सरकत जावे तसा जोंधळा. ओव्यांच्या अभ्यासासाठी १९७७ ते १९८१ या काळात मी या भागात पुष्कळ फिरले. ज्या आज्यांच्या शेजारी बसून मी ओव्या उतरवून घेतल्या त्या बहुतेक १८९५ ते १९१० या दरम्यान जन्मलेल्या. माझी स्वतःची आजीही त्यांच्याच वयाची. आज सांगणार आहे त्यातले बरेचसे या बायकांच्या तोंडचे आहे.

असे तोंडचे का घ्यावे लागते, याचे कारण उघड आहे. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील स्त्रियांपैकी हजारी दहाच्या आसपास स्त्रियांना लिहिता-वाचता येत होते, आणि त्या दहांतल्या बहुतेक शहरांतल्या. मराठीत स्त्रियांची आत्मचरित्रे लवकर लिहिली गेली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. रमाबाई रानड्यांचे पुस्तक १९१० चे, पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. परंतु या तिघींच्या हाती लेखणी आली ती नवऱ्याच्या, मेहुण्याच्या किंवा एखाद्या संस्थेच्या आधाराने त्या जुन्या घराच्या चौकटीबाहेर पडल्यानंतर. जी बाई त्याच चुलीपुढे राहिली तिने लिहिले नाही. बहिणाबाई चौधरी या अपवाद म्हणाव्यात, तर त्यांनाही अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ साली वारल्या आणि त्यांची कविता पुस्तकरूपाने आली ती त्यानंतर, १९५२ मध्ये. मुलाने उतरवून ठेवली म्हणून ती राहिली. अशी किती घरांत कोणी उतरवून ठेवली नाही, याचा हिशेब कोण मांडणार?

आज सभागृहात येण्यापूर्वी शाळेतल्या मुलांनी मांडलेले जुन्या वस्तूंचे दालन पाहिले. मुलांनी खेडोपाडी हिंडून वस्तू जमविल्या आहेत. तांब्याची घागर आहे, रोवळी आहे, फुंकणी आहे, एक सुरेख जाते आहे. जात्याजवळच्या पाटीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे की, जुन्या काळी स्त्रियांना यामुळे आपोआप व्यायाम होई आणि म्हणून त्या निरोगी व दीर्घायुषी असत. मुलांना मी दोष देत नाही. हे वाक्य त्यांनी आपल्याच तोंडून ऐकले आहे. लग्नसमारंभात, रोजच्या बोलण्यात आपण ते सहज म्हणून जातो. मला आज त्या पाटीशी थोडे भांडायचे आहे.

जात्यापासूनच सुरुवात करू. दळण रोज का दळावे लागे? आठवड्याचे एकदम दळून का ठेवीत नसत? हा प्रश्न मी एका आजीला विचारला तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, एवढे शिकून हिला हेही कळू नये! जोंधळ्याचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता थापता चिरते, तव्यावर मोडते, आणि चार दिवस उलटले की पिठाला कडवट वास येऊ लागतो. नाचणी त्या मानाने सोशीक. पण ज्या घरात जोंधळा खाल्ला जाई त्या घरात दळण रोजचेच. आठ-दहा माणसांच्या घराला दिवसाला एक पायली धान्य लागे. पायली म्हणजे चार शेरांचे माप. आजच्या वजनात साडेतीन-चार किलो धरावी, गावागणिक थोडा फरक. दोघी जणी समोरासमोर बसल्या तर हे दळण दीड तासात उरकते, एकटीला अडीच तास लागतात. जाते जड ठेवले तर पीठ बारीक येते पण खांदा भरून येतो. हलके ठेवले तर हात चालतो पण पीठ जाडे येते आणि सासूची बोलणी खावी लागतात. वैरण घालायची तीही बेताची. मूठ मोठी झाली की भरड पडते. पाळूच्या टाक्या झिजल्या की पाथरवटाची वाट पाहायची. तो येईपर्यंत दळणाचा वेळ वाढतच जातो.

या आज्यांच्या घरी घड्याळ नव्हते. कोंबडा, शुक्राची चांदणी आणि रेल्वे, ही त्यांची तीन घड्याळे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बेळगाव-खानापूर-लोंढा हा लोहमार्ग सुरू झाला, आणि ज्या बायका आयुष्यात त्या गाडीत कधी बसल्या नाहीत त्या तिच्या शिटीवर दळणाला बसत नि उठत. खानापूरकडची एक आजी म्हणाली, “असं काय इचारतीस गे बाय? दिस उगवायच्या आदीच आमचा अर्धा दिस झाल्याला असायचा.”

भाताच्या मुलखात दळणाबरोबर कांडण. घिरटावर भात भरडायचे, सुपाने पाखडायचे, मग उखळात घालून मुसळाने सडायचे. भाताच्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश तांदूळ हाती येतो. उरलेल्यातले तूस राखुंडीला आणि जळणाला, कोंडा जनावरांना, आणि कणी बाजूला. आता या वाटणीकडे जरा बारकाईने पाहा. अख्खा तांदूळ बाजारात जाई, कारण शेतसारा रोख भरावा लागे. त्यातून उरलेला सणावाराला आणि पाहुण्याला. रोजच्या जेवणात पुरुषांना भाकरी आणि मूठभर भात, मुलांना पेज, आणि जिने ते भात कांडले तिच्या पानात कण्यांची पेज किंवा नाचणीची आंबील. कोणी तिला दटावून असे वाढीत नसे. ती स्वतःच सगळ्यांच्या मागून बसे, आणि मागून बसणाऱ्याला जे उरते ते उरते. हातसडीच्या तांदळात कोंड्याचा अंश राहतो म्हणून तो पौष्टिक, हे खरेच आहे. पण जेवणाच्या गुणाइतकाच प्रश्न जेवणाच्या मापाचाही असतो.

पाण्याविषयी थोडक्यात सांगता येणार नाही. या भागात पावसाळ्यात पाणी दाराशी आणि चैत्र-वैशाखात अर्ध्या कोसावर, अशी विचित्र स्थिती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेवर घागर. घागरीत बारा-पंधरा लिटर पाणी मावते. माणसांचे पिणे, स्वयंपाक, भांडी, बाळंतीण असेल तर तिचे आणि बाळाचे न्हाणे, गोठ्यातल्या जनावरांपैकी जी नदीवर नेता येत नाहीत त्यांचे पिणे, असे सगळे धरले तर सकाळ-संध्याकाळ मिळून दहा-बारा खेपा सहज होत. पोहऱ्याच्या काथ्याच्या दोराने हातांना घट्टे पडत. या आज्यांपैकी जिचा हात मी हातात घेतला त्या प्रत्येकीच्या तळहाताच्या मुळाशी ते घट्टे पन्नास-साठ वर्षांनंतरही हाताला लागत.

आणि ही झाली जिला आडावर जाण्याची मुभा होती तिची गोष्ट. माझ्या वहीत एक संभाषण आहे ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या एका आजीशी झालेले. तिच्या दिवसात पाण्याचा वेळ खेपांनी मोजून भागत नसे, कारण त्यात वाट पाहण्याचा वेळ होता. आडापासून ठरलेल्या अंतरावर मडके ठेवून बसायचे. कोणी दयाळू बाई वरून ओतील तेव्हा पाणी. कधी घटकाभर, कधी सूर्य डोक्यावर येईपर्यंत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला, १९२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात निपाणी येथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला. त्या आजीला या ठरावाची वार्ता नव्हती. गावातल्या आडावर तिची सून पहिल्यांदा गेली ते साल तिला सांगता आले नाही. पण त्या दिवशी वार शुक्रवार होता, हे मात्र तिने दोनदा सांगितले. ‘खेड्यातली गृहिणी’ असा एकवचनी शब्द मी मथळ्यात वापरला आहे. तो किती तोकडा आहे ते यावरून ध्यानात यावे.

सरपणाचेही असेच. खानापूरच्या रानात लाकडाला तोटा नव्हता, असे आपल्याला वाटते. पण १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानाचा मोठा भाग राखीव झाला आणि वाळकी काटकीसुद्धा गार्डाच्या मर्जीवर आली. मोळीसाठी लांब जायचे, ओली लाकडे पदरी पडायची, आणि पावसाळ्याचे चार महिने ती धुमसत राहायची. आगकाडी विकत मिळे. पण पैसा मोडायला नको म्हणून रात्री निखारा राखेत पुरून ठेवीत, आणि तो विझलाच तर शेजारणीकडून शेणीच्या तुकड्यावर विस्तव मागून आणीत. दिव्याला पूर्वी करंजेल किंवा करडईचे तेल. मग रॉकेलची चिमणी आली. रॉकेलचा रिकामा चौकोनी डबा मात्र या काळातली मोठी प्राप्ती मानली जाई. तो पाण्याला, धान्याला, तुळस लावायला, कशालाही चाले. माझ्या आजीने असा एक डबा चाळीस वर्षे वापरला.

धुराबद्दल कोणी विचारीत नाही. चूल, तिच्या कडेचा वैल, पाठीमागे भाणवस, वर धुराने काळे पडलेले शिंके. आणि खिडकी असलीच तर हातभर. घरात गोठा. पुष्कळ आज्यांचे डोळे पन्नाशीतच गेले होते आणि खोकला तर सर्वांनाच होता. एका ध्वनिफितीवर ओवी ऐकू येते त्याहून खोकलाच अधिक ऐकू येतो.

घरकाम एवढेच असते तरी पुरे झाले असते. परंतु शेतकऱ्याच्या घरची बाई न्याहारी बांधून शेतातही जाई. भांगलण हे काम तर जवळजवळ सर्वस्वी बायकांचे. मृगाची पेर झाली की आषाढ-श्रावणात डोक्यावर इरले घेऊन, पायाखाली चिखल, पाठीवर पाऊस, अशा स्थितीत दिवसभर वाकून तण काढायचे. तान्हे मूल असेल तर बांधावर झाडाला झोळी. मग कापणी, मळणी, उफणणी. उन्हाळ्यात जरा सवड मिळते म्हणावे तर पावसाळ्याची बेगमी समोर उभी : मिरच्या वाळवून कांडायच्या, मीठ भरायचे, सांडगे, पापड, शेणी थापून रचायच्या, भिंती-जमिनी सारवायच्या, जुनेराच्या वाकळी शिवायच्या. वर्षाला दोन लुगडी मिळाली तर घर सुखवस्तू समजावे. तिसरे लुगडे भावाकडून, दिवाळीला. आणि ओव्यांत भाऊ एवढ्या वेळा का येतो याचे एक कारण हे लुगडेही आहे. ओवीतल्या भावबंधाकडे आम्ही अभ्यासक मंडळी नुसत्या भावनेच्या अंगाने पाहतो. नांदत्या घरात जिच्या नावावर काहीच नसते, तिला माहेर ही एकच पत उरते, आणि आईबापांच्या माघारी ती पत भावाच्या हाती असते, हेही त्यात आहे.

स्वयंपाकघरातल्या भाषेविषयी एक अवांतर गोष्ट, विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या आजीच्या सासूबाई कन्नड मुलखातून आलेल्या. त्या शेवटपर्यंत ज्वारीला ‘जोळ’ म्हणत आणि नातवंडांना मराठीत रागावत. अक्का, अण्णा, अडकित्ता, तूप हे आपले नित्याचे शब्द कन्नडशी नाते सांगतात, हे भाषाशास्त्राच्या वर्गात मी पुढे शिकले. त्या बाईंच्या घरात त्याला शास्त्र लागत नव्हते. सोयरीक जुळवताना भाषा कोणी विचारीत नव्हते, जमीन आणि पाणी विचारीत. आपल्या भागाविषयी पुष्कळ व्याख्याने होतात. त्यांत ही चूल क्वचितच येते.

आता त्या पाटीवरील आरोग्याकडे वळते. त्या काळच्या हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावत. माझ्या आजीला नऊ मुले झाली, चार वाढली. ती हे सांगे तेव्हा आवाज हलत नसे, कारण तिच्या जावेला आठांतली दोन राहिली होती. बाळंतपण घरातच, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातचे; नाळ कापायला विळा किंवा हाताशी असेल ते पाते; धनुर्वाताला नाव नव्हते, ‘बाहेरचे झाले’ एवढेच निदान. लग्नाचे वय म्हणाल तर शारदा कायदा १९२९ चा, अंमल १९३० पासून. त्यानेही मुलीसाठी चौदाच वर्षे ठरविली. या आज्यांची लग्ने त्यापूर्वीची, आठ-दहा-बाराव्या वर्षी झालेली. हात जात्याच्या खुंट्याला पुरेसा पोचत नाही म्हणून खाली पाट घेऊन बसवलेल्या मुली त्या.

प्लेग १८९६ साली मुंबईत आला आणि लवकरच इकडे पोचला. गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, म्हणजे बाईच्या दृष्टीने दुसरी चूल, दुसरा पाणवठा आणि उघड्यावरचे धान्य. आणि मग १९१८ ची मानमोडी. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते, आणि आश्विनाच्या सुमारास इन्फ्लुएंझाची ही साथ गावोगाव पसरली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. या साथीचा एक विशेष असा की, तिने म्हाताऱ्यांपेक्षा ऐन तारुण्यातली माणसे नेली, आणि त्यांतही पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक. याची कारणे देताना पुढे अभ्यासकांनी जे म्हटले ते या आज्यांना वेगळ्या शब्दांत ठाऊक होते. घरात जो आजारी पडेल त्याच्या उशाशी बाईच बसे, आणि ती आजारी पडली तरी अंथरूण धरीपर्यंत पाणी, सरपण, चूल सुटत नसे. माझ्या आजीची थोरली बहीण त्या आठ-दहा दिवसांत गेली, एकवीस-बावीस वर्षांची. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने सकाळचे दळण दळले होते, असे आजी सांगे. १९११ ते १९२१ या दशकात हिंदी माणसाचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. ज्या दीर्घायुषी आज्या आपण पाहिल्या त्या उरलेल्या होत्या. जात्याने निरोगी राहिलेल्या बायका म्हणून आपण त्यांच्याकडे बोट दाखवतो, तेव्हा न उरलेल्यांची मोजदाद कुठेच होत नाही.

येथे कोणी म्हणेल, बाई, तुम्ही नुसता काळोख सांगता. तसे नाही. पंचमीचा झोका, गौरीचे जागरण, आठवडी बाजारात अंडी-तूप विकून कनवटीला लागलेले चार आणे, पाणवठ्यावरच्या गप्पा, हे सगळे होते, आणि त्याविषयी बोलताना त्यांचे चेहरे उजळत. महिन्याचे ‘कावळा शिवल्या’चे दिवस आपण अवहेलना म्हणून पाहतो, आणि ती होतीच, पण ज्या घरांत तो विटाळ कडक पाळीत तेथल्या एकीने मला सांगितले की, वर्षाकाठी तिला मिळणारी हक्काची विश्रांती काय ती तेवढीच. तिथेही धान्य निवडायचे काम पुढ्यात येऊन पडेच.

सर्वांत मोठे सुख म्हणजे ओवी. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या, आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ सिद्ध केली, आणि पुण्यात हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनी गावोगावच्या बायकांकडून जमविलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. जगात अन्यत्र कोठे एवढे स्त्रीकाव्य एका अवजाराभोवती जमले असेल असे मला वाटत नाही. ओवीचा ताल जात्याच्या फेऱ्याचा आहे. फेरा सरतो तिथे चरण सरतो. जे सासूसमोर बोलता येत नाही ते सासू झोपलेली असताना जात्याला सांगता येते. दुसरे म्हणजे, समोर बसलेली जाऊ पुढचा चरण उचलते, त्यामुळे दुःख एकटीचे राहत नाही. हे सारे मी माझ्या प्रबंधात सविस्तर लिहिले आहे.

परंतु त्याच कामात असताना चंदगडच्या बाजूला घडलेला एक प्रसंग सांगायला हवा. गावात गिरणी आल्यापासून जाते बंद पडले, ओव्या विसरत चालल्या, याबद्दल मी हळहळ व्यक्त केली. ओव्या सांगणारी आजी ऐंशीच्या घरातली. ती हसली आणि म्हणाली, “तुला ओव्या पायजेत गे बाय. मला नीज पायजे हुती.”

श्रोतेहो, गिरणीविषयी या आज्यांना विचारले की उत्तरे फार बोलकी मिळत. आपल्याकडे तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आधी शहरात, मग बाजारपेठेच्या गावांत आणि खेड्यांत स्वातंत्र्याच्या आगेमागे आली. तिला विरोध झाला तो बहुतांशी पुरुषांकडून आणि थोरल्या सासवांकडून. पीठ गरम होते, भाजते, भाकरीची चव जाते. आधीच्या गिऱ्हाइकाचे पीठ आपल्या पिठात मिसळते, मग ते गिऱ्हाईक कोणत्या जातीचे? शिवाय दळणाला रोख पैसे पडतात, आणि घरात फुकट दळणारी असताना पैसे कशाला? या शेवटच्या प्रश्नात सगळे अर्थशास्त्र आले. ज्या सुनांनी डोक्यावर पायली घेऊन दोन मैल गिरणीला जाणे पत्करले त्यांनी घरात भांडून ते पत्करले. एकीने त्यासाठी आपल्या कोंबडीच्या अंड्यांचे पैसे पुढे केले. ओवी गेली याची चुटपुट मला आहेच. ती ओवी गाणाऱ्या बाईला काय वाटले तेही तिच्याच बरोबरीने नोंदले पाहिजे.

‘फुकट दळणारी’ हा शब्द घरापुरता नव्हता. १९०१ आणि १९११ च्या जनगणनांत माणसांची विभागणी प्रत्यक्ष काम करणारे आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे अशी केलेली आहे. पायलीभर दळून, दहा खेपा पाणी भरून, चूल पेटवून आणि मुले सांभाळून बसलेली घरधनीण यात ‘अवलंबून असणारी’ ठरते. शेतावर राबणाऱ्या बाईची नोंद मोजणीदाराच्या आणि घरच्या पुरुषाच्या समजुतीवर. १९३१ साली ‘कामकरी आश्रित’ असा मधला वर्ग काढण्यात आला. फार पुढची गोष्ट कशाला, २०११ च्या जनगणनेतही घरकाम करणारी काम न करणाऱ्यांतच मोडते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला, तेव्हा विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि तसे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे जातात असे आढळले. जाते गेले, पंप आला, गॅस आला, त्यानंतरचा हा हिशेब आहे.

कागदावर काम नाही, म्हणून कागदावर हक्कही नाही. नवरा गेला की शेतकरी घरातल्या विधवेला अन्नवस्त्र एवढाच अधिकार होता आणि तो मिळवण्यासाठी दिराशी दावा मांडावा लागे. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १९३७ साली झाला. पण तो प्रांतांतल्या शेतजमिनीला लागू पडत नाही असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये ठरविले, आणि खेड्यातल्या घरात मालमत्ता म्हणजे तर शेतजमीनच. १९५६ च्या वारसा कायद्याने वाट मोकळी झाली तोपर्यंत या आज्या पन्नाशी-साठीकडे पोचल्या होत्या. माझ्या आजीने त्या कायद्याखाली काहीही मागितले नाही. “भावाचं दार बंद करून घेऊ काय?” असे ती म्हणे. लुगड्याचा आणि ओवीचा जो धागा मघाशी सांगितला तो इथवर येतो.

माझ्याकडे त्या पाच वर्षांतल्या तेवीस वह्या आणि काही ध्वनिफिती आहेत. प्रबंधाला ओव्या हव्या होत्या, त्या तेथे छापल्या गेल्या. दोन ओव्यांच्या मध्ये झालेले बोलणे मात्र वह्यांतच राहिले, आणि आज मी सांगितले ते बहुतेक त्यातलेच आहे. मुख्याध्यापिका बाईंशी माझे बोलणे झाले आहे. या सर्व वह्या आणि फिती मी आपल्या शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. सांगणाऱ्या बायकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार झाकली आहेत. नवव्या आणि दहाव्या वहीत पाण्याविषयीचे बोलणे आहे, चौदावीत मानमोडीच्या आठवणी आहेत. अक्षर माझे वाईट आहे, आणि बोली जशी ऐकली तशी उतरवली असल्यामुळे शहरातल्या मुलांना प्रारंभी अडखळायला होईल. कोणी वाचायला बसणार असेल तर मी आठवड्यातून एक दिवस येऊन बसायला तयार आहे.